पायथ्याचे गाव

मराठीत किल्ल्यांविषयी लिहिलेले कोणतेही पुस्तक उघडावे, त्यात एक शब्दप्रयोग हमखास भेटतो : 'पायथ्याचे गाव'. गडाची उंची सांगितली जाते, दरवाजे आणि बुरूज मोजले जातात, टाक्यांतले पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे बजावले जाते, आणि मग ओघात येते की पायथ्याचे गाव अमुक, तेथवर एस. टी. जाते. गावाचा उल्लेख तेवढाच. पुढच्याच वाक्यात चढण लागते आणि गाव मागे पडते, वाटेवरूनही आणि लेखातूनही.

या शब्दप्रयोगाविषयी आज आम्ही लिहावयास बसलो आहोत, त्याला कारण आमचाच एक जुना लेख. १९९६ साली दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही चौघे मित्र गुंजवण्याहून राजगडावर चढलो, तेथून डोंगराच्या धारेने तोरण्यावर गेलो आणि बॅटरीच्या उजेडात वेल्ह्यात उतरलो. परतल्यावर त्या दिवसाचे वर्णन आम्ही लिहिले. लोकांना ते आवडले. आमच्या धर्मग्रामातील दोन-तीन तरुणांनी तो लेख वाचूनच डोंगर धरले, असे त्यांनी पुढे सांगितले. परवा जुन्या कागदांत तो हाती आला. वाचला, आणि वाचता वाचता ओशाळलो. दुसऱ्याच्या लेखनावर टीका करणे सोपे असते. म्हणून या खेपेस आमच्याच लेखापासून आरंभ करतो.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगणे आवश्यक आहे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले एकाच डोंगररांगेवर उभे आहेत. रांगेच्या उत्तरेस कानंदी नदीचे खोरे, म्हणजे जुने कानंद मावळ. दक्षिणेस वेळवंडी नदीचे खोरे आणि भोर तालुका. गुंजवण्याहून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर यावे, संजीवनी माचीच्या टोकाकडे जाऊन अळू दरवाजाने खाली उतरावे आणि मग तासन्‌तास धारेवरून चालावे. मध्ये भुतोंड्याकडे जाणारी खिंड लागते. ती ओलांडली की तोरण्याची बुधला माची अंगावर येते. तोरणा १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. चालणाऱ्याचा पूर्ण दिवस, आणि त्याच्या गुडघ्यांची पूर्ण परीक्षा, ही वाट घेते.

आता आमचा लेख. त्यात इतिहास यथास्थित होता. तोरण्यापासून स्वराज्याचा प्रारंभ झाला. मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी राहिला. १६५९ मध्ये सईबाईंनी याच गडाच्या परिसरात देह ठेवला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले तरी राजगड आणि तोरणा महाराजांनी स्वतःकडे राखले. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. हे सारे खरे, आणि सांगण्यासारखे. इतिहासापाठोपाठ निसर्ग होता : धुके, कारवीची झुडपे, सुवेळा माचीवरचे नेढे, पश्चिमेकडे एकामागून एक निळ्या होत गेलेल्या रांगा. तेही खरे. ज्या गावातून आम्ही चढावयास प्रारंभ केला त्याविषयी मात्र संपूर्ण लेखात एकच वाक्य होते. सकाळी आठाच्या सुमारास आम्ही गावात शिरलो तेव्हा दारे बंद होती, ओट्यावर एक कुत्रे पहुडले होते. त्यावर आम्ही लिहिले की गाव इंग्लंडमधल्या एखाद्या चित्रासारखे शांत होते आणि अजून झोपेत होते.

या वाक्याची दोन अंगांनी तपासणी करावी लागेल. इंग्लंड त्यात कोठून आले? आणि गाव खरोखर झोपेत होते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयातील इंग्रजीच्या तासात आहे. आमच्या पिढीने डोंगर पाहण्यापूर्वी डोंगरांवरचे इंग्रजी लेखन वाचले. वर्ड्‌स्वर्थची सरोवरे वाचली. विल्यम हॅझलिटचा १८२२ मधील प्रवासावरील निबंध वाचला, ज्यात त्याला चालताना सोबत नको असते, निसर्ग हीच सोबत पुरेशी वाटते. या वाचनातून आम्हांला एक डोळा मिळाला. त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु तो डोळा मोकळ्या माणसाचा होता. ज्याला त्या दिवशी दुसरे काही काम नाही, त्याचा. त्याला टेकडी दिसते, टेकडीवर मेंढरे दिसतात, मेंढपाळ मात्र चित्रातल्या ठिपक्याएवढाच दिसतो. इंग्लंड न पाहताच आम्ही वेल्ह्याला इंग्लंडची उपमा दिली, ती या उसन्या डोळ्यामुळे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की इंग्रजीत दुसरा डोळाही होता. आम्ही तो घेतला नाही, एवढेच. विल्यम कॉबेट नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८२० च्या दशकात घोड्यावर बसून दक्षिण इंग्लंडभर हिंडला. 'रूरल राइड्स' हा त्याचा ग्रंथ १८३० मध्ये निघाला. आमच्या वाचकांना कॉबेट दुसऱ्या एका कारणानेही ठाऊक असावा : स्वतः प्रॉटेस्टंट असूनही, मठ लुटले गेले तेव्हा गरिबांचाच आधार लुटला गेला, असे त्याने धर्मसुधारणेच्या इतिहासात ठासून लिहिले. १८२६ मध्ये तो विल्टशायरमधील एव्हन नदीच्या रम्य खोऱ्यातून गेला. खोरे सुंदर आहे हे त्याने मान्य केलेच. परंतु तेथेच त्याने हिशोब मांडला की या खोऱ्यात धान्य किती पिकते, मांस किती निपजते, आणि ते पिकवणाऱ्या मजुराच्या ताटात त्यातले किती येते. पीक भरघोस आणि मजूर उपाशी, हे त्याला एकाच दृष्टिक्षेपात दिसले. त्या हिशोबाने खोऱ्याचे सौंदर्य त्याच्या लेखी तिळभरही उणे झालेले नाही. प्रवासवर्णन म्हणजे केवळ शोभा आणि हिशोब म्हणजे अरसिकता, असे मानणाऱ्यांनी कॉबेट अवश्य वाचावा.

पुढे काही वर्षांनी कन्येच्या घरी इंग्लंडला जाण्याचा योग आला आणि कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत एक दिवस चाललो. मधाच्या रंगाच्या दगडांची घरे, लोकरीच्या व्यापाराच्या पैशांवर उभी राहिलेली जुनी चर्चे, शेतांच्या मधून जाणाऱ्या पाऊलवाटा. या वाटांवर चालण्याचा हक्क सर्वांना आहे. त्या देशात १९४९ च्या कायद्याने अशा वाटांच्या अधिकृत नोंदी करण्याचे ठरले. ही गोष्ट आम्हांला फार आवडली. पण दुपारी एका गावातून जाताना जाणवले की गावात कोणीच नाही. पडदे ओढलेले, अंगणे नीटनेटकी, आणि माणूस नाही. कन्या म्हणाली, "बाबा, यातली कितीतरी घरं सुट्टीपुरती उघडतात. शेतावर राबणाऱ्याला इथलं घर परवडत नाही." ज्या गावाची उपमा आम्ही गुंजवण्याला दिली होती ते गाव मात्र खरोखरच निजलेले होते.

मग गुंजवणे? त्याचा उलगडा अलीकडे, एका फेब्रुवारीत झाला. धर्मग्रामातील तरुण राजगडास निघाले, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. पण गुडघ्यांनी नकार दिल्याने पायथ्याशीच राहिलो. आयुष्यात प्रथमच आम्ही त्या गावात चार तास बसलो. एका घरी पिठले-भाकरी सांगितली होती. डोंगराकडून दोघी बाया राबासाठी तोडलेल्या फांद्यांचे भारे डोक्यावर घेऊन आल्या. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याची ही तयारी. घरच्या बाईंशी बोलता बोलता आम्ही सहज सांगितले की फार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आलो होतो, तेव्हा गाव अगदी झोपलेले होते. त्या हसू लागल्या.

"आवो बाबा, दिवाळीच्या म्होरं भाताची कापनी. त्या दिसांत घरात कोन ऱ्हातंय? आमी दिस उगवायच्या आधी खाचरात. झोपलं आसंल तर आमचं कुत्रं झोपलं आसंल."

त्या अगदी सहज बोलल्या. त्यात आम्हांला बोल लावण्याचा हेतू नव्हता. पण आमच्या लेखाची याहून अचूक समीक्षा कोणी केलेली नाही. कापणीच्या दिवसांत आम्ही भाताच्या खाचरांच्या बांधांवरूनच गडाकडे गेलो असलो पाहिजे. वाकलेली माणसे आमच्या दृष्टीस पडली असलीच पाहिजेत. तरीही कागदावर आले ते बंद दार आणि निजलेले कुत्रे. डोळ्यांनी पाहिलेले लेखणीने गाळले, कारण आमच्या मनातील डोंगरवाटेच्या लेखात कापणीला जागा नव्हती.

हा केवळ आमचाच दोष असता तर त्यावर एवढा कागद खर्चण्याचे कारण नव्हते. आमच्या भाषेतील या लेखनप्रकाराचेच हे व्यंग आहे असे आम्हांला वाटते. वाटा, अंतरे आणि पाण्याच्या जागा सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांबद्दल आमची तक्रार नाही. त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले असतील. तक्रार आहे ती ललित म्हणविणाऱ्या वर्णनांविषयी. त्यांत गडावर तीनशे वर्षांपूर्वी कोण राहत होते हे असते. गडाखाली आज कोण राहते हे नसते. 'कडेलोट' या शब्दाने अंगावर काटा येतो. पावसाळ्यात नदी-ओढ्यांना पूर आला की आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेत असतील, हा प्रश्न मनात उमटत नाही.

धारेवरून दिसणाऱ्या पाण्याचेच उदाहरण घ्या. आमच्या लेखात भोरच्या अंगाचा तो विस्तीर्ण जलाशय 'आकाशाचा आरसा' झाला होता. तो भाटघरचा जलाशय. तेथे आधी १८९२ मध्ये एक धरण पुरे झाले; मग त्याच ठिकाणी अधिक मोठे लॉइड धरण बांधले गेले आणि १९२८ मध्ये ते पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते आणि तिकडचा ऊस पिकवते. आरशाच्या तळाशी वेळवंड खोऱ्याची जमीन आहे. पाणी आटते त्या उन्हाळ्यात कांबरेश्वराचे जुने देऊळ वर येते आणि लोक दर्शनास जातात. उत्तरेकडे पाहावे तर पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणे वेल्हे भागातलीच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे प्रत्येक पुणेकराला ठाऊक असते. रोज सकाळी आपण नळाखाली जे भांडे धरतो त्यात वेल्ह्याच्या डोंगरांवरचा पाऊस असतो, हे क्वचितच कोणाच्या मनात येते. कानंदीवरही आता धानेपजवळ गुंजवणी धरण उभे आहे. म्हणजे हा मुलूख आम्हांला दोन गोष्टी देतो, इतिहास आणि पाणी. आमचे लेखन त्यातल्या पहिल्या देण्याचे स्तोत्र गाते आणि दुसऱ्याला केवळ देखावा मानते.

याचा अर्थ मराठीत दुसरी परंपरा नाही असा नव्हे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तील वारीवरचा लेख घ्या. त्याही चालल्या, पंढरीच्या वाटेवर. त्यांनाही वाट सुंदर वाटली, भजनांत त्या रंगल्या. परंतु एकाच विठ्ठलाकडे निघालेली माणसे जेवताना जातींनुसार वेगळ्या पंक्तींत बसतात, हे त्यांनी पाहिले, ते त्यांना सलले आणि तो सल त्यांनी लेखात ठेवला. वाटेचा आनंद आणि वाटेची टोचणी एकाच लेखात नांदू शकतात याचा हा उत्तम पुरावा आहे.

किल्ल्यांच्या वाटेवर असे करून दाखविले ते गो. नी. दांडेकरांनी. 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिणाऱ्या या लेखकाचे राजगडावर विशेष प्रेम होते. तरी त्यांचे खरे देणे आम्हांला त्यांच्या कादंबऱ्यांत दिसते. 'माचीवरला बुधा'मध्ये राजमाचीच्या माचीवर मुंबई सोडून परतलेला म्हातारा आहे. 'पवनाकाठचा धोंडी'त तुंग किल्ल्याच्या हवालदारीचा वारसा सांभाळणारा शेतकरी आहे. 'वाघरू' तर राजगडाच्याच आसऱ्याने घडते. येथे गड पार्श्वभूमीला गेला आणि माणूस पुढे आला. त्या माणसाची बोलीही त्याच्यासोबत आली. दांडेकर गडावर पाहुणे म्हणून गेले नाहीत. तेथल्या चुलीजवळ बसले, म्हणून त्यांना ती ऐकू आली.

तरीही आदराने एक शंका नोंदवावीशी वाटते. बुधासारखी त्यांची माणसे आम्हांला भावतात, त्यामागे त्यांचे एकटेपण आहे, वस्तीपासूनचे दूरपण आहे. डोंगराशी एकरूप झालेला, शहराच्या वाऱ्यापासून वाचलेला म्हातारा ही प्रतिमा इतकी गोड आहे की तिच्यापायी गावातला तरुण आम्हांला दिसेनासा होतो. हा तरुण सकाळी दुचाकीवरून शिरवळच्या किंवा पुण्याच्या कारखान्याकडे जातो, रविवारी गडावर येणाऱ्यांना वाट दाखवतो, आणि कापणीला रजा काढून खाचरात उतरतो. त्याला अद्याप कोणी दांडेकर भेटलेला नाही.

अशा लेखनाची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्यास मान्यता दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत राजगड आहे. शेजारचा तोरणा त्यांत नाही. या दोन्ही घटनांचा आम्हांला आनंदच आहे. नावाची मागणी त्या भागातल्या लोकांचीही होती. परंतु परिणाम ध्यानात घ्यावा : आजवर गावाच्या वर गड होता, आता गावाच्या नावावरही गड आहे. येणाऱ्यांची संख्या वाढेल, लेखही वाढतील. त्या लेखांत गाव पुन्हा 'पायथ्या'पुरतेच राहिले तर वारसा जपला असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

येथे एका इंग्रजाचीच आठवण होते. ज्या विल्टशायरमधून कॉबेट हिंडला, त्याच परगण्यात फादर थॉमस स्टीफन्स जन्मले. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. मराठीची थोरवी सांगताना त्यांना विल्टशायरची कुरणे आठवली नाहीत. त्यांनी उपमा घेतल्या त्या आपल्याकडच्या फुलांच्या, पाखरांच्या, झाडांच्या. परक्या देशातून आलेल्या माणसाने येथला डोळा कमावला. आम्ही येथेच जन्मलो, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावाला कॉट्सवोल्डची उपमा शोधीत बसलो!

तरुण लेखक मित्रांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. एक विनंती मात्र करावीशी वाटते. गडावर अवश्य जा. नेढ्यात बसून वारा खा, संजीवनी माचीवर उभे राहून तोरणा पाहा. परंतु चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर एक तास गावात काढा. शेतात या महिन्यात काय चालले आहे ते विचारा. खोऱ्यातले पाणी कोठे जाते ते विचारा. ज्यांच्या घरी जेवलात त्यांचे म्हणणे ऐका, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. याने लेखातील काव्य उणे होईल अशी भीती बाळगू नका. उणी होईल ती खोटी शांतता.

आमचा जुना लेख आता बदलता येत नाही. ज्यांनी तो वाचला त्यांच्यासाठी त्यातील ते एक वाक्य येथे दुरुस्त करून देतो : त्या सकाळी गुंजवण्याची दारे बंद होती, कारण गावातील माणसे पहाटेपासून भात कापीत होती, आणि आम्ही त्यांच्या बांधावरून, त्यांच्याशी न बोलता, गडाकडे गेलो.